जुना ड्राय रॉक घेतला, आता धुवायचा कसा?

यावेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत. कोणीतरी खाऱ्या पाण्याचा टँक बंद केला, त्याचा रॉक (टँकमध्ये रचायचा भोकाभोकांचा चुनखडीसारखा दगड) कमी पैशात मिळाला, घरी आणून ठेवला आणि आता त्या ढिगाकडे बघत बसलोय की पुढे काय. म्हणून हा भाग पूर्ण त्यालाच दिलाय. प्रश्न थोडे छाटलेत, काहींनी टँकचा जन्मापासूनचा इतिहास लिहिला होता, वाचायला मजा आली पण जागा नाही.

प्रश्न : ताई, बंद पडलेल्या रीफ टँकमधला (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवतात तो खाऱ्या पाण्याचा टँक) साधारण २५ किलो रॉक मिळालाय. वर्षभर कोरडाच पडून होता म्हणे. पांढरट करडा दिसतो, मधेमधे वाळलेलं शेवाळ आहे आणि बारीक पांढऱ्या नळ्यांसारखं काहीतरी चिकटलंय. कोणी म्हणतं ब्लीच कर, कोणी म्हणतं ॲसिड, कोणी म्हणतं दोन्ही, आणि एकजण म्हणाला काही नको नुसता नळाखाली धर आणि टाक. डोकं फिरलंय. नक्की काय करू?
— गोंधळलेला रीफवाला

उत्तर : ब्लीच की ॲसिड हा वाद आधी बाजूला ठेवा. दोघांची कामं वेगवेगळी आहेत आणि तुमच्या रॉकला त्यातलं काय हवंय हे अजून कोणी बघितलेलंच नाहीये. जुन्या रॉकमध्ये त्रास देणाऱ्या गोष्टी मुख्य तीन. पहिली म्हणजे आत मेलेले जीव, म्हणजे स्पंज, किडे, शेवाळ, शिंपल्यांचं मांस, वर माशांची घाण, हे सगळं भोकाभोकांत वाळून बसलेलं असतं आणि पाणी लागलं की पुन्हा सडायला सुरुवात होते आणि अमोनिया सुटतो. दुसरं फॉस्फेट. रॉक म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटून राहतं, आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं जे खाणं टाकलं त्याचा हिशोब तिथे जमा असतो. तिसरं कॉपर, म्हणजे माशांच्या औषधातलं तांबं, हे सगळ्या रॉकमध्ये नसतं पण असलं तर सगळ्यात वाईट. ब्लीच पहिल्यावर चालतं. ॲसिड दुसऱ्यावर थोडंफार चालतं. तिसऱ्यावर खात्रीने चालेल असं काही नाही.

म्हणून सगळ्यात आधी ज्याच्याकडून घेतला त्याला फोन लावा. टँकमध्ये कधी कॉपरचं औषध टाकलं होतं का, टँक बंद का केला, आणि रॉक बाहेर काढला तेव्हा त्यावर जीव होते का. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण बराच फरक पडतो. जिवंत, भरलेला रॉक उचलून तसाच उन्हात टाकला असेल तर त्यावरचं सगळं जागच्या जागी मेलंय आणि आतच आहे. आणि "शेवाळाला कंटाळून बंद केला" असं उत्तर आलं तर फॉस्फेट आहे असंच धरून चाला.

मग रॉक स्वतः बघा. कोरडा असतानाच कडक ब्रशने घासा (तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे भोकांत अडकून गंजतात), जे सुटेल ते सुटू द्या. कोरडं शेवाळ कोरडंच लवकर निघतं, ओलं केलं की चिवट होतं. त्या पांढऱ्या नळ्या बहुतेक नळीत राहणाऱ्या किड्यांच्या नाहीतर व्हर्मेटिड गोगलगायींच्या असतील, जुन्या स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका, कडा धारदार असतात, हातमोजे घाला. हे करताना डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर मास्क पाहिजेच, का ते खाली उकळण्याच्या प्रश्नात लिहिलंय.

आता एक मध्यम तुकडा निवडा आणि छिन्नी हातोड्याने फोडा. जीव खाली वर होतो माहितीये, पण तसेही रचताना दोन चार फोडावेच लागतात. आतला भाग पांढरा, खडूसारखा, कोरडा ठाक निघाला तर छान. आत करडा किंवा काळपट पट्टा दिसला, भोकांच्या भिंतींना तपकिरी पापुद्रा चिकटलेला असला आणि तो नखाने कुरकुरत निघाला, तर तो वाळलेला स्पंज आणि कुजका माल आहे, आणि बाकीच्या रॉकमध्येही तेच असणार. अजून खात्री हवी तर फोडलेला तुकडा झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण उघडून वास घ्या. समुद्राचा मंद वास आला तर चालतंय. सडक्या अंड्यासारखा किंवा मेलेल्या शिंपल्यासारखा वास आला तर काम बाकी आहे.

शेवटची चाचणी मिठाच्या पाण्यात. सगळा रॉक नाही तर निम्मा तरी एका ड्रममध्ये टाका, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणाचं पाणी, एक छोटा पंप, आठवडाभर ठेवा आणि मग अमोनिया आणि फॉस्फेट तपासा. टेस्ट आधी नुसत्या पाण्याचीही करून ठेवा, नाहीतर नंतर कळत नाही की आकडा रॉकचा आहे की नळाचा. अमोनिया चढला तर ब्लीच. फॉस्फेट चढलं तर त्याचं वेगळं बघू. दोन्ही जागच्या जागी असतील तर तो नळाखाली धर म्हणणारा माणूस बरोबर होता, सरळ क्युअरिंगला, म्हणजे मिठाच्या पाण्यात ठेवून बॅक्टेरिया वाढवायला, लावा. सगळेच उपाय सगळ्याच रॉकला लागत नाहीत, आणि उगाच ॲसिडमध्ये बुडवलेला चांगला रॉक मला बघवत नाही.

प्रश्न : ब्लीच करायचं ठरवलंय. प्रमाण काय, किती दिवस, आणि नंतर ब्लीच आतून जातं का खरंच? भीती वाटते की मासे टाकले आणि सगळे गेले तर.
— ब्लीचला घाबरणारी

उत्तर : भीती साहजिक आहे, पण ब्लीच हे या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात सरळ रसायन आहे. ते सोडियम हायपोक्लोराइट असतं, काम झालं की त्याचं शेवटी साधं मीठच उरतं. फक्त बाटली नीट बघून घ्या. साधं, बिनवासाचं, ज्यात साबण किंवा घट्ट करणारं काही नाही असं. बाटली हलवली आणि वर फेस टिकून राहिला तर ते नको. घरगुती ब्लीच साधारण ५ ते ६ टक्क्यांचं असतं आणि ठेवून ठेवून त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली वापरू नका.

प्रमाण १० भाग पाण्याला १ भाग ब्लीच. प्लास्टिकचा ड्रम, मोकळी हवा, सावली (उन्हात क्लोरीन लवकर उडतं), आणि आत एखादा जुना पंप सोडा ज्याची तुम्हाला पर्वा नाही, कारण पाणी फिरलं नाही तर ब्लीच भोकांच्या तोंडाशीच संपतं आणि आतला माल तसाच राहतो. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं तपकिरी होईल, वर घाणीचा फेस येईल. घाबरू नका, तेच तर बाहेर काढायचंय. ते पाणी फेकून नवीन मिश्रण करा. असं पाणी स्वच्छ राहीपर्यंत. एकूण आठवडा पुरतो, फार भरलेला रॉक असेल तर दोन.

आता ब्लीच काढायचं कसं. इथे लोक एक गोष्ट विसरतात, क्लोरीन काढायच्या औषधाचं एक झाकण ड्रममध्ये ओततात आणि झालं म्हणतात. ते औषध नळाच्या पाण्यासाठी आहे, नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला एखाद दोन मिलिग्रॅम असतं आणि तुमच्या ड्रममध्ये हजारो मिलिग्रॅम आहे, झाकणभराने काय होणार. आधी सगळं पाणी काढा, रॉक जोरात पाण्याने धुवा, मग साध्या पाण्यात एक दिवस पंप लावून ठेवा, ते पाणी फेका, पुन्हा भरा, आणि या पाण्यात सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन निकामी करणारं रसायन) सढळ हाताने टाका. क्लोरीनच्या पट्टीवर शून्य आलं की रॉक बाहेर काढून उन्हात चांगला वाळवा, मोठे तुकडे आतून सुकायला बरेच दिवस घेतात, वरून कोरडा दिसला म्हणून घाई नको. वाळल्यावर नाकाजवळ धरून वास घ्या. स्विमिंग पूलचा वास अजिबात यायला नको. एवढं केल्यावर मासे ब्लीचने मरत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि एक, ब्लीच फॉस्फेट काढत नाही. उलट कुजका माल फुटला की त्यातलं फॉस्फेट पाण्यात उतरतं, म्हणून तर तपकिरी पाणी पुन्हा पुन्हा फेकायचं.

प्रश्न : मी ॲसिड वापरणार आहे, हायड्रोक्लोरिक. मित्राने केलं होतं, रॉक एकदम पांढराशुभ्र निघाला. काय काळजी घेऊ? बाथरूममध्ये केलं तर चालेल ना, तिथे पाणी जायला जागा आहे.
— पांढऱ्या रॉकचा चाहता

उत्तर : बाथरूममध्ये नाही. अजिबात नाही. ॲसिड आणि रॉक भेटले की जो बुडबुड्यांचा फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड आहे, आणि साधारण ३० टक्क्यांचं एक लिटर ॲसिड पूर्ण वापरलं गेलं तर शंभर लिटरच्या वर गॅस निघतो, वर ॲसिडची वाफ वेगळी. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि तुम्ही तिथेच उकिडवे बसलेले. उघड्यावर करा, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून.

डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल, कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे, पूर्ण कपडे, पायात बूट. शेजारी बादलीभर पाण्यात भरपूर खाण्याचा सोडा घालून ठेवा, शिंतोडा उडाला तर शोधत बसायला नको. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही. १० भाग पाण्याला १ भाग ॲसिड म्हणजे खूप झालं, पहिल्यांदा करताय तर २० ला १ ठेवा. आणि ड्रम अर्धाच भरा, फेस इतक्या जोरात वर येतो की काठोकाठ भरलेला ड्रम बाहेर वाहणारच. रॉक एकेक करून, हळू, आडवा सोडायचा, टाकायचा नाही.

आता ते पांढरेशुभ्र होण्याबद्दल. तो रॉक पांढरा झाला म्हणजे त्याचा वरचा थर विरघळून गेला. एक लिटर ३० टक्क्यांचं ॲसिड पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास दगड खातं, तुमच्याकडे २५ किलो असेल तर फार नाही, दोनेक टक्के. पण हे सगळं बाहेरून आणि मोठ्या भोकांतून जातं, खोल आत ॲसिड पोचायच्या आधीच संपलेलं असतं. त्यामुळे पांढरा रंग बघून आत स्वच्छ आहे असं समजू नका. वरच्या थरातलं फॉस्फेट मात्र जातं, हे खरं. फेस मंदावला की, म्हणजे काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, रॉक लगेच बाहेर काढून धुवा, त्या पाण्यात रात्रभर सोडू नका. ॲसिड संपलं की पाण्याचा पीएच परत चढतो आणि सुटलेलं फॉस्फेट पुन्हा रॉकवर बसू शकतं, म्हणजे सगळी मेहनत वाया.

सगळ्यात महत्त्वाचं. आधी ब्लीच केलेला रॉक ओला असताना ॲसिडमध्ये टाकला तर क्लोरीन गॅस तयार होतो. हा गॅस फुप्फुसं जाळतो, यात गंमत नाही. दोन्ही करायचंच असेल तर ब्लीच आधी, मग थायोसल्फेट, मग पूर्ण, म्हणजे हाडासारखं वाळवणं, आणि मगच ॲसिड, तेही वेगळ्या ड्रममध्ये. पण मला विचाराल तर दोन्हीची गरज फार थोड्या रॉकला असते. आणि सिमेंटचा बनवलेला किंवा रंगवलेला रॉक असेल तर ॲसिडचं नावच काढू नका, तो खडबडीत होऊन रेती सोडायला लागतो.

ॲसिडची भीती वाटत असेल तर व्हिनेगर आहे, तेही चुनखडी विरघळवतं, फक्त अगदी सावकाश. एवढ्या रॉकला किती व्हिनेगर लागेल याचा हिशोब करून बघा, मग ठरवा.

प्रश्न : रॉक मोठ्या पातेल्यात उकळला तर सगळं मरेल ना? रसायनांची कटकटच नको.
— सोपा मार्ग शोधणारा

उत्तर : तुम्ही मराल. अतिशयोक्ती वाटेल पण यात अर्थ आहे. रॉकवर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलसारखे मऊ जीव) असतील, मेलेले, वाळलेले, चामड्यासारखे तपकिरी चट्टे, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष सगळ्यात आधी हवाईमधल्या पॅलिथोआपासून वेगळं करून १९७१ मध्ये त्याची माहिती छापली गेली, आणि माणसाला माहीत असलेल्या सर्वात जहाल विषांमध्ये ते मोजलं जातं. उकळलं की वाफेबरोबर हवेत जातं, आणि रॉक उकळल्यामुळे घरातली माणसं, कुत्री मांजरं सगळी एकदम आजारी पडून दवाखान्यात गेल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. उकळल्याने हे विष मोडत नाही. ओव्हन, मायक्रोवेव्ह, प्रेशरने गरम पाण्याचा फवारा, सगळं याच यादीत. शिवाय आत अडकलेलं पाणी वाफ होऊन रॉक फुटूही शकतो, ते वेगळंच.

कोरडा ब्रश मारतानाही म्हणूनच मास्क आणि गॉगल. असे चामड्यासारखे चट्टे ओळखू आले तर घासू नका, रॉक हलवायच्या आधी तो भाग ब्लीचच्या पाण्यात भिजवा, ब्लीचमध्ये हे विष निकामी होतं. घासल्यावर तोंडात धातूसारखी चव आली, श्वास जड झाला, डोळे चुरचुरले, ताप भरला तर थांबून डॉक्टरांकडे जा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा, नाहीतर ते फ्लू समजून गोळी देतील.

प्रश्न : रॉक ब्लीच करून, वाळवून टाकला. फॉस्फेट ०.६ पीपीएम (दहा लाखात ०.६ भाग) येतंय. पन्नास टक्के पाणी बदललं की ०.३ होतं आणि चार दिवसांत परत ०.६. पाणी आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं) आहे, मासे नाहीत, खाणं टाकत नाही. येतंय कुठून?
— पाणी बदलून दमलेला

उत्तर : रॉकमधून, अजून कुठून येणार. भिंतीत ओल मुरलेली असताना वरून रंग मारला की चार दिवस बरं दिसतं आणि मग पापुद्रे निघतात, तसंच हे. पाण्यातलं आणि रॉकवरचं फॉस्फेट यांच्यात एक समतोल असतो, तुम्ही पाण्यातलं कमी केलंत की रॉक अजून थोडं सोडतो. म्हणजे पाणी बदलणं चुकीचं नाही, फक्त प्रत्येक वेळी एकूण साठ्यातला छोटासा भागच जातोय. टेस्ट किटवर तोच आकडा परत दिसतो म्हणून वाटतं काहीच झालं नाही. झालंय, आकड्यात दिसत नाही एवढंच.

तुमच्याकडे अजून मासे नाहीत ही मोठी जमेची बाजू आहे, म्हणून घाईचे उपाय आत्ताच करून घ्या. लँथनम क्लोराइड हे पूलवाले फॉस्फेट काढायला वापरतात तेच. पाण्यात फॉस्फेट पकडून त्याची पांढरी बारीक गाळ करतं. रॉक वेगळ्या ड्रममध्ये काढा, भरपूर पातळ करून थेंब थेंब सोडा, पाणी दुधासारखं होईल, ते ५ ते १० मायक्रॉनच्या पिशवीतून फिरवत ठेवा. आकडा खाली आला की थांबा, दोन तीन दिवसांनी परत मोजा, रॉकने अजून सोडलेलं असेल, परत करा. असं करत करत परतीचा आकडा दर वेळी कमी होत जातो. मधूनमधून अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) बघा, लँथनम तीही खातं. हे सगळं माशांसोबत करू नका, करणारे करतात, मी सांगणार नाही. टँकमध्येच करायचं असेल तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे) बरा, सावकाश चालतो, महाग पडतो, पण घात करत नाही.

किती खाली आणायचं? बहुतेक रीफवाले ०.०३ ते ०.१ च्या मधे खूश असतात. शून्य मागू नका, फॉस्फेट पार संपलं की कोरल उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्म जीव) येऊन बसतात, तो त्रास शेवाळापेक्षा वाईट.

प्रश्न : रॉक ज्या टँकमधला आहे तिथे माशांना पांढरे डाग आले म्हणून कॉपर वापरलं होतं असं आता कळलं. धुवून काढता येईल का? मला श्रिंप आणि कोरल ठेवायचे आहेत.
— उशिरा कळलेली

उत्तर : मी घेणार नाही तो रॉक रीफसाठी. कॉपर रॉकमधल्या कार्बोनेटला घट्ट धरून बसतं आणि मग कधीतरी, पीएच थोडा खाली गेला की, हळूच सुटतं. माशांच्या औषधाच्या मात्रेचा अगदी छोटा भागही श्रिंप, गोगलगायी आणि कोरलना पुरेसा असतो. ॲसिडने वरचा थर काढला तर त्यातलं जाईल, आतलं राहील. महिनाभर मिठाच्या पाण्यात ठेवून कॉपरची टेस्ट शून्य आली तरी घरगुती किट त्या बारीक पातळीला पोचत नाही, म्हणून त्या शून्यावर हजारोंचे कोरल लावू नका. फक्त माशांचा टँक करणार असाल, किंवा नवीन मासे वेगळे ठेवायचा टँक, तर तिथे खुशाल वापरा.

प्रश्न : मला ओला रॉक मिळालाय, बादलीत पाण्यात होता. त्यावर चारपाच एप्टेशिया (झपाट्याने पसरणारे छोटे सी ॲनिमोन) आणि हिरव्या फुग्यांसारखं शेवाळ आहे. जिवंत बॅक्टेरिया आहेत म्हणून तसाच टाकू का, की वाळवू?
— हावरट

उत्तर : नावातच उत्तर दिलंत. एप्टेशियाचा बारीकसा तुकडाही परत उभा राहतो, आणि फुगे म्हणजे व्हॅलोनिया, ते फुटले तर अजून पसरू शकतात. वर पांढऱ्या डागांच्या परजीवीच्या गाठी रॉकवर बसून राहतात. बॅक्टेरिया नंतर मिळतात, बाटलीतून येतात, थोडा वेळ दिलात तर आपसूकही येतात. वाळवा. आतपर्यंत पूर्ण कोरडा झाला की एप्टेशिया, व्हॅलोनिया, परजीवी, सगळे जातात, यांच्यासाठी वेगळं ब्लीच लागत नाही. पण मग ते सगळे आतच मेलेले असतील, म्हणजे पहिल्या प्रश्नातला रॉक तयार झाला, तिथून पुढे वाचा. ओला रॉक हाताळताना हातावर ओरखडा असेल तर हातमोजे घाला, मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू अशाच जखमेतून शिरतो आणि बोटावरची गाठ महिनोन् महिने जात नाही.

प्रश्न : सगळं धुऊन झालं. आता क्युअरिंग किती दिवस, आणि झालं हे कळतं कसं?
— घाईत असलेला

उत्तर : दिवस मोजू नका, टेस्ट मोजा. ड्रममध्ये आरओडीआयच्या पाण्यात मीठ घालून ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६ अंश, चांगला जोरदार पंप आणि अंधार. दिवा लावलात तर पाण्यात जे काही सुटेल त्यावर शेवाळ मजा करेल आणि टेस्टमध्ये फॉस्फेट कमी दिसून तुमची फसवणूक होईल. बाटलीतले बॅक्टेरिया टाका, अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवा, फार जास्त नको, ५ च्या वर गेलं की सायकल, म्हणजे बॅक्टेरिया बसण्याची प्रक्रिया, अडते. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, त्या दिवशी बॅक्टेरियांचं काम झालं. साधारण महिना दीड महिना जातो. पण त्याबरोबर दुसरी अट पण आहे, पाणी पूर्ण बदलून काहीही न टाकता आठवडाभर ठेवल्यावर फॉस्फेट जागचं हलायला नको. ही दुसरी अट लोक गाळतात आणि मग तिसऱ्या महिन्यात मला शेवाळाचे फोटो पाठवतात.

आणि टँकमध्ये गेल्यावर दोन चार आठवड्यांत रॉक तपकिरी होईल, डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात, ते येतात आणि जातात. परत बाहेर काढून ब्लीच करू नका प्लीज.

प्रश्न : रॉक जांभळा कधी होईल?
— सौंदर्यप्रेमी

उत्तर : जांभळा रंग कोरलाइन शेवाळाचा असतो, ते कुठूनतरी आणावं लागतं, ब्लीच केलेल्या रॉकवर ते आपोआप उगवत नाही. कोणाच्या तरी निरोगी टँकमधला जांभळा तुकडा किंवा जांभळं चढलेली गोगलगाय आणा, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी स्थिर ठेवा, बरेच महिने थांबा. जांभळा रंगवलेला रॉक मिळतो, पण खरं कोरलाइन आलं की दोन जांभळे शेजारी शेजारी फार विचित्र दिसतात.

प्रश्न : ब्लीचचं आणि ॲसिडचं उरलेलं पाणी कुठे टाकू? मागे बाग आहे, शेजारी ओढा आहे.
— जबाबदार नागरिक

उत्तर : ओढ्यात नाही, बागेत नाही. ब्लीचच्या पाण्यात थायोसल्फेट टाकून पट्टीवर क्लोरीन शून्य करा आणि सांडपाण्याच्या गटारात भरपूर पाण्यासोबत सोडा. ॲसिडच्या पाण्यात थोडा थोडा खाण्याचा सोडा टाकत राहा, फेस यायचा बंद झाला की तेही तिथेच. आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच गटारात नको, मधे भरपूर पाणी जाऊ द्या, पाईपात पण क्लोरीन बनतो.